पर्यटनाचा आराखडा गावात आला की: नकाशा वाचायचा कसा, हरकत लिहायची कशी

३० एप्रिल १९९७ ला आमचा सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत साखळी ओढली, पुढे ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) हे मोजणीचं मशीन आलं तेही खांद्यावरून कातळावर चढवलं. निवृत्तीनंतर लोक अजून नकाशा गुंडाळून ओटीवर येतात. एक प्रश्न सगळ्यांचा असतो: "तात्यानू, ह्या आमच्या जमनीत काय दाखवल्यानी?" त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःचं स्वतःला शोधता यावं म्हणून हे लिहितोय.

पहिलीच गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सरकार पर्यटनासाठी जमिनीचं नियोजन करतं ते भाषणात नाही, कागदावर. प्रकल्पाला पाठिंबा की विरोध यावर गावात रात्र-रात्र चर्चा होतात, पण कार्यालयात फक्त सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि मुदतीची तारीख बोलते. ज्याने आपला नंबर नकाशावर शोधला आणि मुदतीत लेखी दिलं, त्याचं म्हणणं फायलीत जातं. बाकीच्यांचं हवेत राहतं.

आधी कागद कोणाचा ते ओळखा

"आराखडा आला" असं लोक म्हणतात तेव्हा निदान चार-पाच वेगळ्या गोष्टींपैकी एक असते, आणि प्रत्येकीचं दार वेगळं. चुकीच्या दारात टाकलेली हरकत वाया जाते.

पहिली प्रादेशिक योजना. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्ग रिसॉर्ट प्रादेशिक योजना आहे. कुठे शेती विभाग, कुठे रहिवास, कुठे पर्यटन, हे ती मोठ्या पट्ट्यांत ठरवते. हिची चौकशी जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात.

दुसरा विकास आराखडा. तो नगरपालिकेचा असेल किंवा शासनाने नेमलेल्या विशेष नियोजन प्राधिकरणाचा. हा शब्द किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाने पाठ करावा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४० खाली शासन एखाद्या महामंडळाला तुमच्या गावाचं नियोजन प्राधिकरण नेमू शकतं. मार्च २०२४ मध्ये कोकण किनारपट्टीतल्या १६३५ गावांसाठी सिडकोची अशी नेमणूक झाली. घाटावर साताऱ्याच्या बाजूला नवीन महाबळेश्वर गिरिस्थानासाठी रस्ते विकास महामंडळाला नेमलं आहे. अशी नेमणूक झाली की बांधकामाची परवानगी कोण देणार इथपासून सगळं बदलू शकतं. म्हणून आपल्या गावाचं नाव अधिसूचनेच्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीने राजपत्र काढून बघावं. वर्तमानपत्रातल्या बातमीवर राहू नये.

तिसरा सागरी किनारा व्यवस्थापन आराखडा, म्हणजे सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नकाशे. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची आणि आता १८ जानेवारी २०१९ ची. हा विषय पर्यावरण खात्याचा आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचा. नगररचनावाल्यांना सीआरझेडबद्दल लिहिलेल्या पत्राला "आमच्या अखत्यारीत नाही" इतकंच उत्तर येतं.

चौथं पश्चिम घाटाचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. केंद्राने ३१ जुलै २०२४ ला पुन्हा मसुदा काढला, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. हरकतींना ६० दिवस होते आणि त्या थेट दिल्लीच्या मंत्रालयाकडे पाठवायच्या होत्या. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांनी मसुद्याच्या जोडपत्रातली गावांची यादी पाहायला हवी, नुसता नकाशा पुरत नाही.

आणि पाचवी, सर्वांत साधी दिसणारी: पर्यटन खात्याची कामं. किनाऱ्यावर पार्किंग, जेटी, स्वच्छतागृह, पायवाट. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत शिरोडा, सागरेश्वर, तारकर्ली, विजयदुर्ग, मिठबाव ही आपली ठिकाणं होती. अशा कामांना आराखड्यासारखी हरकतींची मुदत नसते. म्हणून जागा निश्चित होण्याआधीच ग्रामपंचायतीने बोलावं लागतं. काँक्रीट पडल्यावर बोलून उपयोग नाही.

आराखडा येण्याआधीची तयारी

घरातल्या कागदांकडे बघा. चालू सातबारा, ८अ, जुने फेरफार आणि मोजणी झाली असेल तर तिची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. मोजणी झालेलीच नसेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून ठेवा. हरकतीच्या धावपळीत मोजणी मिळत नाही.

सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना नीट वाचा. कोकणात जमीन कसतो एक, नाव दुसऱ्याचं, आणि इतर हक्कात कुळाची, देवस्थानाची किंवा शासनाची नोंद, असं फार आहे. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर (गावकरांनी कबुलायतीवर सामाईक धरलेल्या) जमिनींचा गुंता दशकानुदशकं चालला, त्याचं मूळ याच नोंदींत. जमीन पिढ्यान् पिढ्या आपणच राखली असं कितीही खरं असलं तरी सुनावणीत अधिकारी आधी सातबारा उघडतो.

मोठा रस्ता किंवा प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की सातबारे हलायला लागतात. आमच्या बाजूला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दलाल आधी सामाईक जमिनीतला मुंबईचा एखादा हिस्सेदार गाठतात, त्याचा हिस्सा घेतात आणि मग आत शिरतात. म्हणून महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर आपल्या गावाचे प्रलंबित फेरफार अधूनमधून बघत जा. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. मुंबईत असलात तरी मोबाइलवर दिसतं. चतुर्थीला गावी येईपर्यंत थांबू नका.

चाकरमान्यांना आणखी एक कळकळीचं सांगणं. गावच्या भावाला किंवा पुतण्याला हरकतीच्या कामासाठी कागद करून द्यायचा असेल, तर सुनावणीला हजर राहण्यापुरतं अधिकारपत्र द्या. कुलमुखत्यारपत्र देऊ नका. त्या एका कागदावर जमिनी विकल्या गेलेली घरं मला ठाऊक आहेत.

नकाशा वाचताना

आता माझ्या आवडीच्या कामाकडे येतो.

नकाशा उघडला की लोक आधी रंग बघतात. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती, असं साधारण असतं, पण त्यावर विसंबू नका. कोपऱ्यातली सूची वाचा. पर्यटनाचा पट्टा, आरक्षण, प्रस्तावित रस्ता आणि ना-विकास क्षेत्र यांच्या खुणा प्रत्येक नकाशात वेगळ्या असू शकतात.

मग प्रमाण बघा. गावपातळीचा सीआरझेड नकाशा १:४००० चा असतो. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ४० मीटर. सर्व्हे नंबरांच्या हद्दी त्यात दिसतात. जिल्ह्याचा नकाशा १:२५,००० चा, तिथे १ मिलिमीटर म्हणजे २५ मीटर. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. छापील नकाशावरची भरतीरेषा समजा १ मिलिमीटर जाड आहे, तर त्या रेषेच्या जाडीतच एखाद्याचं घर, खळं आणि मागची पाच-सहा माडांची रांग मावून जाते. म्हणून लहान प्रमाणाच्या नकाशावर बोट ठेवून "माझं घर आत आहे की बाहेर" यावर भांडू नका. १:४००० चा नकाशा मागा. त्यावर आपला नंबर शोधा, आणि कोपऱ्यातून पट्टीने अंतर मोजून प्रत्यक्ष जमिनीवर टेपने पडताळा.

पडताळणीसाठी न हलणारी खूण पकडा. देवळाचा कोपरा, जुनी बाव (विहीर), सरकारी हद्दीचा दगड, पूल. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, धरू नका, गडगे सरकतात. विहीर सरकत नाही. दोन पक्क्या खुणांमधलं नकाशावरचं अंतर आणि टेपवरचं अंतर जुळलं की मग आपल्या बांधाकडे या. जुळलं नाही तर तेच पहिलं हरकतीचं कारण आहे, आणि ते फार वजनदार कारण असतं. नकाशाच जमिनीला जुळत नाही हे आकड्यात दाखवलं तर त्याला उत्तर द्यावंच लागतं.

एक घडलेली गोष्ट सांगतो. समुद्राजवळच्या एका वाडीत एक काकी निवास-न्याहारी चालवतात. प्रारूप आराखड्यात किनाऱ्याकडे जाणारा १२ मीटर रुंदीचा रस्ता त्यांच्या बागायतीतून दाखवला होता. १:४००० वर तो जेमतेम ३ मिलिमीटर. त्यांच्या नंबरातून त्याची लांबी १०० मीटरच्या आसपास भरत होती, म्हणजे जवळजवळ १२ गुंठे, तेही मांगर (बागायतीतली झोपडी) आणि बाव यांच्यासकट. काकी म्हणाल्या, "तात्यानू, आमची बाव नकाशात दिसताच नाय, मगे रस्तो काढणाऱ्याक कळतला कसा?" अगदी खरं होतं. आराखडा आखणाऱ्याने उपग्रहाचं चित्र आणि जुना गावनकाशा वापरला होता. माडांच्या झापांखालची विहीर वरून दिसत नाही. आम्ही जमिनीवर फिरलो तेव्हा बाजूलाच जुनी पाणंद निघाली. गावनकाशात ती तुटक रेषेने होती, वापरात होती आणि दोन्ही बाजूंनी रुंद करायला सरकारी पट्टी शिल्लक होती. हरकतीत नुसतं "रस्ता नको" लिहिलं नाही. पाणंदीवरून रस्ता न्यावा, असं लिहून मोजमापांसह कच्चा नकाशा जोडला. मंजूर आराखड्यात रस्ता पाणंदीवर गेला.

सातबाऱ्यावर नसलेल्या जागा

इथे गावं सगळ्यात जास्त गमावतात. खाजगी जमिनीसाठी मालक धावतो. पण सामाईक वापराच्या जागेसाठी कोण धावणार?

किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रातून किनाऱ्याकडे ओढायचं मोठं जाळं, ओढायला मोकळी वाळू लागते. रापणकरांपैकी कोणाकडेही त्या वाळूचा सातबारा नाही. तीच जागा नकाशावर मोकळी, रिकामी, सरकारी दिसते, आणि पर्यटनाच्या कामाला पहिली तीच सुचते. मासे सुकवायची खळी, होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी विणायची झाडाखालची सावली, स्मशान, देवाची राई, गुरांचा पाणवठा, कातळावरची पावसाळी तळी. कातळ म्हणजे ओसाड, असं बाहेरच्याला वाटतं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत आणि २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तरी नकाशावर तो सडा इतर सड्यांसारखाच कोरा दिसू शकतो.

यावर उपाय एकच, गावाने स्वतःचा नकाशा करावा. गावनकाशाची मोठी प्रत काढा, देवळात किंवा शाळेत पसरा आणि प्रत्येक वाडीतल्या जुन्या माणसांना बोलवा. कुठे रापण लागते, कुठली पाणंद चालू आहे, कुठे कासवं अंडी घालायला येतात, पावसाचं पाणी कुठून उतरतं, हे सगळं पेन्सिलीने मांडा. बायकांना वेगळं बोलवा. पाण्याच्या आणि सरपणाच्या वाटा त्यांना जितक्या ठाऊक असतात तितक्या कोणाला नसतात. मग मोबाइलवरून प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो घ्या. हा नकाशा ग्रामसभेत ठराव करून मंजूर करा.

याला कायद्याचाही आधार आहे. सीआरझेडच्या नकाशांत मच्छीमारांच्या वस्त्या आणि त्यांच्या सामाईक वापराच्या जागा दाखवायच्या, अशी तरतूद आहे. वाळूच्या टेकड्या, कांदळवन आणि कासवांच्या विणीच्या जागा सीआरझेड १-अ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली येतात. वेंगुर्ल्याच्या वायंगणीला किंवा देवगडच्या तांबळडेगला कासवं येतात हे गावाला माहीत आहे. ते नकाशावर आलं आहे का, हे पाहायचं काम गावाचं.

हरकत लिहिताना

मुदतीचं आधी. विकास आराखड्याच्या प्रारूपावर १९६६ च्या त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकतीला ३० दिवस मिळतात, आणि ते राजपत्रातल्या नोटिशीपासून मोजले जातात, गावात बातमी आली त्या दिवसापासून नाहीत. प्रादेशिक योजनेला मुदत जास्त असते. नोटीस हातात घेऊन तारीख स्वतः वाचा. माहिती अधिकाराचा अर्ज करून कागद मागवू म्हणाल तर त्यालाही ३० दिवस लागतात, तोवर मुदत संपलेली असते. त्यापेक्षा सरळ कार्यालयात जा. प्रारूप आराखडा लोकांना पाहायला खुला ठेवणं आणि त्याच्या प्रती विकत उपलब्ध करणं हे कायद्यातच आहे. आपल्या नंबरापुरता भाग नकाशा आणि झोन दाखला मागा.

एकच मजकूर झेरॉक्स करून पाचशे सह्यांनिशी दिलेली हरकत संख्येला बरी, पण सुनावणीत तिला एकच ओळीचं उत्तर मिळतं. प्रत्येक खातेदाराची वेगळी हरकत द्या. मजकूर साधा ठेवा. मी लोकांना असा देतो:

"विषय: मौजे ____, ता. वेंगुर्ला येथील स.नं. ____ हि.नं. ____ मधून दाखवलेल्या १२ मी. रस्त्याबाबत हरकत व सूचना.

महोदय, वरील जमीन माझ्या व सहहिस्सेदारांच्या नावे असून सातबारा सोबत जोडला आहे. प्रस्तावित रस्त्याने सुमारे ____ गुंठे क्षेत्र, चालू विहीर व मांगर बाधित होतो. विहिरीचे व मांगराचे फोटो स्थानासह जोडले आहेत. याच ठिकाणाहून ____ मीटर अंतरावर गावनकाशात नोंदलेली पाणंद असून ती वापरात आहे. रस्ता सदर पाणंदीवरून न्यावा, ही सूचना. जोडलेल्या कच्च्या नकाशात पर्यायी आखणी दाखवली आहे. मला प्रत्यक्ष सुनावणी देण्यात यावी."

शेवटची ओळ विसरू नका. पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ई-मेलने पाठवलंत तरी टपालाने रजिस्टर करा. प्रतिज्ञापत्र, वकील, यांची या टप्प्यावर गरज नसते.

ग्रामसभेचा ठराव आराखडा थांबवत नाही, हे स्पष्ट सांगतो. लोकांना उगाच धीर देण्यात अर्थ नाही. तरी तो करावाच. ठरावात सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि मागणी लिहिलेली असेल तर पुढे कोर्टात किंवा मंत्रालयात तो गावाचा पुरावा ठरतो. "सदर आराखड्यास ग्रामसभेचा तीव्र विरोध आहे" एवढीच ओळ असलेला ठराव कोणी वाचत नाही.

सुनावणीला

नियोजन समितीपुढे तुम्हाला थोडी मिनिटं मिळतात. अधिकारी दिवसभर लोकांचं ऐकून थकलेले असतात. रागाने बोललात तर ते तुमचं ऐकतील, पण लिहून घेणार नाहीत. टेबलावर नकाशा पसरा, बोट आपल्या नंबरावर ठेवा आणि तीन वाक्यांत सांगा: इथे काय आहे, काय दाखवलंय, काय करावं. काकी सुनावणीला गेल्या तेव्हा विहिरीचा फोटो आणि पाणंदीचा फोटो एकाच कागदावर शेजारीशेजारी छापून नेला होता. समितीतल्या एकाने तो कागद फायलीला लावून घेतला. त्यानंतर फार बोलावं लागलं नाही.

म्हाताऱ्या माणसांबरोबर घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला पाठवा. मालवणीत बोललात तरी चालतं, पण लेखी प्रत प्रमाण मराठीत द्या.

नको ते सांगताना हवं ते सांगा

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. माझ्या ओळखीची कितीतरी घरं पर्यटकांच्या जेवणावर आणि खोल्यांवर उभी राहिली. दापोली-मंडणगडच्या बाजूला वेळासला बघा. कासवांचा महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांनीच पाहुणे ठेवले, मोठं हॉटेल लागलं नाही. हे नियोजनातून घडतं, आपोआप नाही.

म्हणून हरकतीबरोबर सूचनाही द्या. सीआरझेड ३ मध्ये, म्हणजे ग्रामीण किनाऱ्यावर, भरतीरेषेपासूनचं ना-विकास क्षेत्र विरळ वस्तीच्या गावांत, म्हणजे ३-ब मध्ये, २०० मीटरचं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असलेल्या दाट वस्तीच्या ३-अ मध्ये ते ५० मीटरचं होऊ शकतं. २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना आणि मच्छीमारांना आपल्या राहत्या घरात होम स्टे करायची मुभा आहे, फक्त जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. हे माहीत नसल्याने लोक एक तर घाबरून काही करत नाहीत, नाही तर तिथे दुमजली बांधकाम काढून बसतात आणि पुढे पाडापाडीची नोटीस येते. आपल्या घराचं जोतं आज केवढं आहे, त्याचा ग्रामपंचायतीचा घरपट्टी उतारा आणि फोटो जपून ठेवा.

गावाने मागायच्या गोष्टी अगदी रोजच्या आहेत. गाड्या किनाऱ्यावर न येता गावाबाहेर थांबतील अशी पार्किंगची जागा, मैला थेट खाडीत जाणार नाही अशी स्वच्छतागृहं, उन्हाळ्यात विहिरी आटतात त्याचा विचार करून पाण्याची योजना, आणि कचऱ्याला जागा. एप्रिल-मेमध्ये वाडीतल्या विहिरी खाली जातात आणि त्याच महिन्यांत पाहुणे सर्वांत जास्त येतात. आराखड्यात खोल्यांची संख्या वाढवण्याआधी पाणी किती आहे हे मोजा, असं लेखी मागा. मला तर वाटतं, किनाऱ्यावरच्या कुठल्याही पर्यटन आराखड्याला सुनावणीत पहिला प्रश्न पाण्याचाच विचारावा.

शेजारच्या गोव्याने हे मोठ्या पातळीवर करून दाखवलं. २००६ साली तिथे प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. लोकांनी गावागावांत नकाशे उघडून बघितले, डोंगर आणि शेतं रहिवासात गेलेली दिसली, आणि गोवा बचाव अभियान उभं राहिलं. २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. आमच्याकडे मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीच्या सी वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाच्या वेळीही गावकऱ्यांच्या विरोधानंतर मागितलेली जमीन बरीच कमी करण्याची भाषा सुरू झाली होती.

जमीनच घ्यायला आले तर

आराखड्यात आरक्षण दाखवणं वेगळं आणि जमीन संपादित करणं वेगळं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पर्यटनाचा प्रकल्प सार्वजनिक प्रयोजनात धरला आहे, पण त्याच कलमात पायाभूत सुविधांच्या व्याख्येतून खाजगी हॉटेलं वगळली आहेत. म्हणून संपादनाची नोटीस आली की पहिला प्रश्न लेखी विचारा: प्रयोजन नेमकं काय, आणि जमीन शेवटी कोणाच्या ताब्यात जाणार? खाजगी कंपनीसाठी असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि सरकारी-खाजगी भागीदारी असेल तर ७० टक्क्यांची आधी संमती लागते. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस असतात. शिरोडा-वेळागरला तारांकित हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात संपादनाचा विषय सुरू झाला आणि वाद दशकं चालला. इतकी वर्षं जमीन धड पिकत नाही आणि विकता येत नाही. त्यामुळे संपादनाच्या पहिल्याच नोटिशीला उत्तर द्या आणि त्याची पोच सांभाळा.

मंजुरीनंतर

सुनावणी झाली की लोक निश्चिंत होतात. पण समितीच्या अहवालानंतर आराखडा शासनाकडे जातो आणि शासन त्यात स्वतःहून मोठे बदल करू शकतं. तसं झालं तर त्या बदलांची पुन्हा नोटीस निघते आणि महिन्याभरात पुन्हा हरकत द्यावी लागते. मंजुरीतून वगळलेला भागही असा वेगळा प्रसिद्ध होतो. त्या यादीत आपला सर्व्हे नंबर आहे का, हे पुन्हा बघायचं.

आराखडा अंतिम झाला आणि तुमच्या जमिनीवर आरक्षण राहिलं, तर तो अंमलात आल्याची तारीख सातबाऱ्याच्या फायलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्या तारखेपासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालकीच्या कागदांसह नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. ही नोटीस आपल्यालाच द्यावी लागते, कार्यालय आठवण करून देत नाही. तुम्ही त्या वेळी नसाल, म्हणून फायलीवरच्या तारखेखाली एक ओळ मुलांसाठी लिहा: अमुक साली नोटीस द्यायची आहे, पोच याच फायलीत लावायची.